परिचारिकांचा परवाना आणि फेरपरीक्षेची मर्यादा

लंडन येथें सन १९२१ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस परिचारिकांची सरकारी नोंदवही उघडण्यांत आली. तींत पहिला क्रमांक मिसेस बेडफर्ड फेन्विक यांस मिळाला. हा मान त्यांसच मिळावा हें योग्य होतें. कारण परिचारिकेच्या धंद्यांत शिरणाऱ्या प्रत्येक स्त्रीची एकाच मापानें परीक्षा व्हावी आणि तींत उतरलेल्यांचींच नांवें सरकारी नोंदवहींत यावीं, यासाठीं त्यांनीं १८८७ पासून बत्तीस वर्षें अखंड झगडा केला होता. गंमत अशी कीं, ती परीक्षा त्यांनीं स्वतः कधींच दिली नाहीं. द्यावयास परीक्षाच नव्हती. पहिली सरकारी परीक्षा झाली ती १९२५ सालीं. कायदा होण्यापूर्वींपासून ज्या स्त्रिया हें काम करीत होत्या त्यांस १९२३ च्या जुलैपर्यंत केवळ पूर्वानुभवाच्या दाखल्यावर नोंदवहींत प्रवेश होता.

धंद्याच्या दारावर परीक्षेची चौकट बसविणारे लोक ती बसण्यापूर्वींच आंत गेलेले असतात. न्यूझीलंडमध्यें इंग्लंडच्या अठरा वर्षें आधीं, १९०१ सालीं, परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. तेथील नोंदवहींत पहिलें नांव चढलें तें एलन डॉहर्टी या बाईंचें. त्याहि त्या वेळीं अनुभवी मेट्रन होत्या, नवशिक्या उमेदवार नव्हत्या. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. आरंभ कोठून तरी करावाच लागतो. परंतु परीक्षा कोणी द्यावी, कशी द्यावी आणि हुकली तर किती वेळां पुन्हां द्यावी, हे नियम ज्यांनीं केले त्यांच्यावर त्या नियमांचा भार पडला नव्हता, एवढें मनांत ठेवून पुढचा इतिहास वाचलेला बरा.

हा शेवटचा प्रश्न, म्हणजे ‘हुकली तर किती वेळां’ हाच, प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परवान्याच्या परीक्षेंत नापास झालेल्या परिचारिकेस ती पुन्हां पुन्हां देण्याची मोकळीक असावी, कीं कोठें तरी ‘आतां पुरे’ असें म्हणण्याचा अधिकार सरकारास असावा? जगांत याचीं उत्तरें इतकीं वेगवेगळीं आहेत कीं, एकाच देशांत नदीच्या एका कांठावर जी मुलगी कायमची नापास ठरते तीच दुसऱ्या कांठावर जन्मभर परीक्षेस बसूं शकते. आपल्या अनेक घरांतून आतां मुली हें शिक्षण घेऊन परदेशीं जाण्याचा विचार करीत असल्यामुळें हा प्रश्न दूरचा राहिलेला नाहीं.

फेन्विकबाईंच्या चळवळीस सर्वांत वजनदार विरोध झाला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा. ज्या बाईंनीं १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढून या कामास प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांनींच परिचारिकांच्या सार्वत्रिक परीक्षेस व नोंदणीस विरोध करावा, याचें आजच्या वाचकास नवल वाटेल. पण त्यांच्या शाळेंत परीक्षा नव्हती असें नाहीं. उलट ती रोजच चालू होती. प्रत्येक शिकाऊ मुलीच्या नांवाचा एक तक्ता असे आणि मेट्रन वॉर्डरोपरबाई तो महिनोमहिना भरीत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगावरचा नीटनेटकेपणा, स्वच्छता, वॉर्डाची व्यवस्था हे वर्तनाचे रकाने एकीकडे. आणि जखमा धुणें व बांधणें, जळवा लावणें, एनिमा देणें, असहाय रोग्यास हलविणें, अंथरूण घालणें, आजाऱ्याचें अन्न शिजविणें, त्याच्या स्थितीचें निरीक्षण करणें हे कौशल्याचे रकाने दुसरीकडे. तीन तासांत लिहिलेल्या उत्तरपत्रिकेवरून यांतील किती रकाने भरतां येतील, असा त्यांचा रोख होता. शिवाय नोंदवहींत चढलेलें नांव तेथेंच राहतें, पण परिचारिकेची योग्यता त्या दिवशीं होती तेथेंच राहत नाहीं; ती वाढते किंवा घटते. मग एका दिवसाच्या निकालाचा शिक्का जन्मभर कशासाठीं मारावयाचा?

फेन्विकबाईंचें उत्तरहि तितकेंच बिनतोड होतें. मेट्रनच्या हातचा तक्ता म्हणजे मेट्रनची मर्जी. ज्या मुलीवर मेट्रनची गैरमर्जी झाली तिला दाद मागावयास जागा नव्हती, आणि चार आठवडे कोठल्या तरी इस्पितळांत काढून बाहेर पडलेली बाई व तीन वर्षें शिकलेली बाई यांत लोकांस फरक कळण्याचा मार्ग नव्हता. परक्या परीक्षकापुढें जाणारी उत्तरपत्रिका उमेदवाराचें तोंड पाहत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे. या चळवळीला उच्चवर्गाच्या अभिमानाचा थोडा वास होता, हा विरोधकांचा आक्षेप मला खोटा वाटत नाहीं. परंतु मर्जीवर तोडगा म्हणून परीक्षा हवी, ही मागणी त्यामुळें खोटी ठरत नाहीं.

पुढें पहिलें महायुद्ध आलें, थोड्याशा शिकवणीवर हजारों स्वयंसेविका रुग्णालयांत शिरल्या, शिकलेल्या आणि न शिकलेल्या यांची सरमिसळ झाली, आणि ज्या कायद्यासाठीं तीन तपें भांडण चाललें होतें तो १९१९ च्या डिसेंबरांत पार्लमेंटानें मंजूर केला. फेन्विकबाई जिंकल्या. मात्र नाइटिंगेलबाईंच्या तक्त्याबरोबर एक गोष्ट मागें पडली, आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. त्या तक्त्यांत मुलगी कोठें कमी पडली हें त्याच कागदावर लिहिलेलें असे, आणि पुढच्या महिन्याचा कागद कोरा असे. सरकारी परीक्षेच्या निकालांत दोनच शब्द उरले. नापास झालेल्या मुलीनें आतां काय करावें, हें सांगण्याची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्यावर राहिली नाहीं, आणि नेमक्या याच रिकाम्या जागेंत ‘किती वेळां’ हा प्रश्न येऊन बसला.

मर्यादा घालावी असें म्हणणारांची बाजू दुबळी नाहीं. ती प्रथम नीट मांडली पाहिजे. परीक्षा ही उमेदवारासाठीं नसून अंथरुणावर पडलेल्या रोग्यासाठीं आहे. समजा, एखादीस विषय येत नाहीं, पण नशिबानें उत्तीर्ण होण्याचा संभव दर खेपेस दहांत एक इतकाच आहे. एका खेपेस तो संभव क्षुल्लक वाटतो. पण तिला सात वेळां बसूं दिलें तर सातांपैकीं एकदां तरी ती उत्तीर्ण होण्याचा संभव निम्म्याहून अधिक होतो; हा साधा त्रैराशिकापलीकडचा हिशेब कोणीहि कागदावर करून पाहावा. म्हणजे अमर्याद खेपा देणें हें चाळणीचें भोंक हळूहळू मोठें करण्यासारखें आहे, आणि त्या भोंकांतून जी आंत येईल तिच्या हातीं उद्यां कोणाच्या तरी औषधाची मात्रा असणार.

या हिशेबांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे: ती मुलगी पहिल्या खेपेपासून सातव्या खेपेपर्यंत कांहींच शिकली नाहीं. हें गृहीत कोठें खरें आणि कोठें खोटें ठरतें, यावर सारा न्याय अवलंबून आहे. यासाठीं दोन देशांचे अनुभव पाहूं.

पहिला अमेरिकेचा. तेथें परवाना देणें हें प्रत्येक राज्याच्या मंडळाचें काम. आरंभीं प्रत्येक मंडळ आपापले निबंधवजा प्रश्न काढी. १९४४ पासून सर्व राज्यांसाठीं एकत्र प्रश्नसंग्रह तयार होऊं लागला. १९८२ सालीं त्यास ‘एनक्लेक्स’ हें आजचें नांव मिळालें. आणि १९९४ च्या एप्रिलपासून ती परीक्षा संगणकावर होऊं लागली. हा शेवटचा बदल आमच्यासारख्या जुन्या परीक्षकांस विलक्षण वाटावा असाच आहे. संगणक सर्व उमेदवारांस तेच प्रश्न विचारीत नाहीं. उत्तर बरोबर आलें कीं पुढचा प्रश्न कठीण, चुकलें कीं सोपा, असें करीत करीत तो उमेदवाराची पातळी शोधीत जातो. आणि ही मुलगी रेषेच्या वर आहे किंवा खालीं आहे याची त्यास शंभरांत पंचाण्णव इतकी खात्री झाली कीं थांबतो. २०२३ पासून किमान ८५ व कमाल १५० प्रश्न अशी सीमा आहे. जी मुलगी रेषेच्या अगदीं जवळ घोटाळते तिच्या बाबतींत शेवटचा प्रश्न संपला तरी ती खात्री होत नाहीं. तेव्हां संगणक खात्रीची अट सोडून देतो, आणि अखेरचा अंदाज रेषेच्या ज्या बाजूस पडेल तो निकाल.

वर्षानुवर्षें ज्यांनीं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांस यांतलें मर्म सांगावयास नको. चौतीस आणि पस्तीस यांच्यामध्यें विद्येचा डोंगर नसतो. कधीं परीक्षकाचा दुपारचा चहा असतो. सांगण्याचा मुद्दा हा कीं, फेरपरीक्षेची वेळ ज्यांच्यावर येते त्यांत रेषेजवळच्या मुली बऱ्याच असतात, आणि नेमक्या त्यांच्याच बाबतींत मापाची खात्री सर्वांत कमी असते. अमेरिकेंत शिकलेल्या मुली पहिल्या खेपेस दहांपैकीं सुमारें आठ-नऊ उत्तीर्ण होतात. पूर्वीं नापास होऊन पुन्हां बसणाऱ्यांपैकीं सुमारें निम्म्या. निम्म्या! ज्यांस पहिल्या निकालानें अयोग्य ठरविलें त्यांतील दर दोघींपैकीं एक पुढल्या निकालानें योग्य ठरते, तेव्हां पहिल्या दोन-तीन निकालांवर जन्माचा निवाडा करणें कितपत शहाणपणाचें होईल?

परीक्षा सर्वांस एकच असली तरी मर्यादा एक नाहीं. दोन खेपांमध्यें ४५ दिवसांचें अंतर असावें एवढाच सर्वसामान्य नियम. म्हणजे वर्षांत फार तर आठ वेळां. प्रत्येक खेपेस २०० डॉलर शुल्क. यापुढें राज्याराज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क यांनीं खेपांची संख्या बांधलेली नाहीं. टेक्ससनें संख्येऐवजीं मुदत घातली आहे: पदवीनंतर चार वर्षांत उत्तीर्ण व्हावें, नाहीं तर शिक्षण पुन्हां घ्यावें. फ्लॉरिडानें तीन खेपांवर अडसर घातला आहे. पण तीन वेळां नापास झालेली मुलगी मंडळानें मान्य केलेला उजळणीचा अभ्यासक्रम पुरा करील तर तिला पुन्हां बसतां येतें. आणखी गंमत म्हणजे, कित्येक राज्यांनीं आपसांत करार करून एकमेकांचे परवाने मानावयाचें ठरविलें आहे; त्यांत टेक्सस आहे आणि २०१८ पासून फ्लॉरिडाहि आहे. तेव्हां करारांतील एखाद्या सौम्य नियमाच्या राज्यांत राहून ज्या मुलीनें सहाव्या खेपेस परवाना मिळविला ती फ्लॉरिडांतील रोग्याची शुश्रूषा खुशाल करूं शकते. फ्लॉरिडांतीलच मुलीस मात्र चौथ्या खेपेपूर्वीं वर्गांत जाऊन बसावें लागतें. रोग्याच्या रक्षणासाठीं मर्यादा आहे असें म्हणावें, तर या रोग्याचें रक्षण कोठें गेलें?

तरीहि या निरनिराळ्या नियमांत मला फ्लॉरिडाचा नियम अधिक न्यायाचा वाटतो. अमर्याद मोकळिकीपेक्षांहि अधिक. हें विधान कांहीं वाचकांस उलटें वाटेल. परंतु जें मंडळ दर पंचेचाळीस दिवसांनीं शुल्क घेऊन तेंच दार पुन्हां दाखवितें आणि दार कां उघडत नाहीं हें शिकवीत नाहीं, त्याच्या औदार्यांत फारसें औदार्य नाहीं. पदवीनंतर जितका काळ लोटतो तितकी उत्तीर्ण होण्याची शक्यता घटते, हेंहि तेथील अनुभवानें दिसून आलेलें आहे. निव्वळ वाट पाहण्यानें विद्या वाढत नाहीं. तीन खेपांनंतर ‘थांबा, आणि शिकून या’ असें म्हणणाऱ्या नियमांत नाइटिंगेलबाईंचा तो कोरा कागद थोडासा परत आलेला आहे.

दुसरा अनुभव जपानचा. पण त्याकडे वळण्यापूर्वीं आपल्याच इतिहासांतील एका जुन्या गोष्टीची आठवण देणें अवश्य आहे. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा लंडनमध्यें १८५५ पासून स्पर्धेनें होऊं लागली. तींत हिंदी मनुष्यानें बसूं नये असें कोणत्याहि नियमांत लिहिलेलें नव्हतें, आणि सत्येंद्रनाथ टागोर १८६३ सालीं उत्तीर्णहि झाले. पुढें लॉर्ड सॅलिस्बरी यांच्या कारकीर्दींत वयाची कमाल सीमा एकविसावरून एकोणिसावर आणली गेली. नियम इंग्रज मुलासहि लागू आणि हिंदी मुलासहि लागू. परंतु परक्या भाषेंत शिकून, समुद्र ओलांडून, एकोणिसाव्या वर्षापूर्वीं ती परीक्षा देणें हें केंब्रिजच्या मुलास जितकें शक्य तितकें कलकत्त्याच्या किंवा पुण्याच्या मुलास शक्य नव्हतें. आणि हुकली तर पुन्हां बसावयास वय उरत नव्हतें. सुरेंद्रनाथ बानर्जी यांनीं याविरुद्ध १८७७-७८ मध्यें देशभर दौरा काढला. मर्यादा दिसावयास सर्वांस सारखी आणि भोगावयास एकासच जड, हा प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांनीं पाहिलेला आहे.

जपानांत हेंच एकविसाव्या शतकांत परिचारिकांच्या बाबतींत घडलें. त्या देशांत वृद्धांची संख्या वाढत होती आणि शुश्रूषा करणारे हात कमी पडत होते. इंडोनेशियाशीं झालेल्या आर्थिक भागीदारीच्या करारान्वयें २००८ च्या ऑगस्टमध्यें २०८ जणांची पहिली तुकडी जपानांत उतरली. त्यांत १०४ परिचारिका होत्या आणि १०४ वृद्धसेवेचें काम करणारे होते. पुढल्या वर्षीं फिलिपाइन्समधून तुकडी आली. या परिचारिका नवशिक्या नव्हत्या. आपल्या देशाचा परवाना आणि इंडोनेशियाच्या बाबतींत दोन वर्षांचा, फिलिपाइन्सच्या बाबतींत तीन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय त्यांची निवडच होत नव्हती. पण जपानी परवाना हातीं नसल्यामुळें त्यांस तेथें सुई टोंचण्याचीहि परवानगी नव्हती. रोग्यास भरविणें, पुसणें, अंथरूण बदलणें हीं मदतनिसाचीं कामें त्या दिवसा करीत आणि रात्रीं परीक्षेचा अभ्यास करीत.

परवान्याची परीक्षा वर्षांतून एकदां, फेब्रुवारींत, आणि मुक्कामाची मुदत तीन वर्षें. ‘तीन खेपा’ असा शब्द कोठेंहि नव्हता. पण तीन वर्षांत तीन फेब्रुवारी येतात. वृद्धसेवेच्या उमेदवारांची स्थिति याहूनहि कठीण. त्यांस चार वर्षें मिळत, पण परीक्षेस बसण्यापूर्वीं तीन वर्षें प्रत्यक्ष काम केलेलें असावें अशी अट; म्हणजे खेप एकच. ही मर्यादा परीक्षामंडळानें विचार करून घातलेली नव्हती. ती प्रवेशपत्राच्या, म्हणजे व्हिसाच्या, मुदतीनें आपोआप पडली होती. परीक्षेंत तीनदां हुकलेली परिचारिका जपानी रोग्यास धोकादायक आहे, असें कोणीं ठरविलें नव्हतें. तिची मुदत संपली होती, एवढेंच.

निकाल काय लागले पाहा. २००९ सालीं ८२ बसल्या. एकहि उत्तीर्ण झाली नाहीं. २०१० सालीं २५४ बसल्या. तीन उत्तीर्ण झाल्या. त्याच परीक्षेंत एकंदर उमेदवारांपैकीं दहांतील नऊ उत्तीर्ण होत होते. आतां, जकार्ता आणि मनिला येथील परवाना मिळविलेल्या अनुभवी परिचारिकांस शंभरांत एक इतकेंच शुश्रूषेचें ज्ञान असतें असें मानावयाचें काय? अडचण कोठें होती हें एका शब्दावरून कळेल. फार दिवस अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या पाठीस जे व्रण पडतात त्यांस जपानी वैद्यकांत ‘जोकुसो’ म्हणतात. तो शब्द ज्या दोन चित्राक्षरांनीं लिहितात तीं नित्यवापरासाठीं सरकारानें ठरविलेल्या २१३६ अक्षरांत नाहींत. बोलतांना लोक ‘तोकोझुरे’ असा साधा शब्द वापरतात. जिनें आपल्या देशांत असे व्रण शेंकडों वेळां धुतले, आणि ते पडूं नयेत म्हणून रोग्यास कोणत्या कुशीवर किती वेळानें वळवावें हें जिला हातांना पाठ आहे, ती त्या दोन अक्षरांपुढें अडखळे. परीक्षा शुश्रूषेची, आणि नापास होणें अक्षरांत!

यावर जपानी वैद्यांनीं जें उत्तर दिलें तेंहि टाकाऊ नाहीं. वॉर्डांतील नोंदी याच अक्षरांत असतात. ज्या परिचारिकेस त्या वाचतां येत नाहींत ती रोग्यास अपाय करील. भाषा ही परिचारिकेच्या कामाबाहेरची वस्तु नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे. शेवटीं तडजोड झाली. २०११ च्या परीक्षेपासून कठीण अक्षरांवर उच्चार छापण्यांत आले आणि रोगांच्या नांवांपुढें इंग्रजी नांवें दिलीं गेलीं. पारिभाषिक शब्द मात्र बहुतांशीं तेच ठेवले. शिवाय पहिल्या तुकडींतील ज्यांनीं ठराविक गुण मिळविले होते त्यांस आणखी एक वर्ष राहण्याची सवलत मिळाली. २०११ सालीं ३९८ पैकीं १६ उत्तीर्ण झाल्या, २०१२ सालीं ४१५ पैकीं ४७. २०१३ पासून सर्वच चित्राक्षरांवर उच्चार आले, वेळ १.३ पट करण्यांत आला. येथें वाचक म्हणेल, आतां निकाल झपाट्यानें चढला असेल. तसें झालें नाहीं. २०१३ सालीं ३११ पैकीं ३० आणि २०१४ सालीं ३०१ पैकीं ३२ उत्तीर्ण झाल्या. म्हणजे दहांत एकच.

हा आंकडा मला या साऱ्या प्रकरणांत सर्वांत बोलका वाटतो. प्रश्नपत्रिकेवर दया दाखवून, वेळ वाढवून, खेप वाढवून जेवढें साधावयाचें तेवढें शंभरांत दहांवर येऊन थांबलें. व्हिएतनामशीं पुढें करार झाला, त्यांत जपाननें निराळी रीत धरली. तेथील उमेदवारांस निघण्यापूर्वीं एक वर्षभर जपानी शिकवावयाचें आणि भाषेची ठराविक, मधल्या पायरीची परीक्षा उतरल्याशिवाय जहाजांत, म्हणजे आजच्या काळांत विमानांत, पायच ठेवूं द्यावयाचा नाहीं. ही तुकडी २०१४ सालीं प्रथम आली, आणि पुढील वर्षांत तिचें उत्तीर्ण होण्याचें प्रमाण आधींच्या दोन्ही देशांच्या पुष्कळ वर गेलें. खेपा वाढविल्या नव्हत्या, मर्यादाहि काढली नव्हती. मर्यादेच्या अलीकडे शिकविण्याचें काम केलें होतें.

मग पहिल्या तुकडींतील ज्या बायका तीन वर्षें परक्या मुलखांत मदतनिसाचें काम करून, शुश्रूषेचा हात थोडा गंजवून घेऊन, रिकाम्या हातीं परतल्या, त्यांस न्याय मिळाला काय? त्यांस परतल्यावरहि परीक्षेपुरतें जपानांत येऊन बसण्याची मुभा होती, असें सांगण्यांत येतें आणि तें खरें आहे. पण जावा बेटांतील एखाद्या रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या बाईनें त्या परीक्षेचा अभ्यास कोणाजवळ करावा? कायद्याच्या कागदावर मर्यादा नव्हती आणि व्यवहारांत ती पुरी होती. फेरपरीक्षेच्या मर्यादेचा अन्याय पाहावयाचा तर नियमांत आंकडा शोधूं नये. दोन खेपांच्या मधल्या काळांत उमेदवार कोठें होती, कोणाच्या खर्चानें होती आणि तिला कोणीं शिकविलें, हें शोधावें.

आतां आपल्याकडे वळूं. हिंदुस्थानांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा मद्रास इलाख्यांत १९२६ सालीं, मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं झाला, आणि सर्व देशासाठीं परिषद स्थापन करणारा कायदा १९४७ सालीं. आपल्या पद्धतींत अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा आणि परवाना यांची गांठ पूर्वींपासून घातलेली होती. पदविका किंवा पदवी हातीं आली कीं राज्याच्या परिषदेकडे नांव नोंदवावयाचें. रमाबाई रानडे यांच्या पुणें सेवासदनानें ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांस या शिक्षणाकडे वळविलें, तेव्हां त्यांच्यापुढें अडथळा होता तो समाजाच्या नाक मुरडण्याचा; परीक्षा किती वेळां द्यावी हा नव्हे. म्हणून ‘शिक्षण पुरें झालें, पण परवाना नाहीं’ ही स्थिति आपल्या मुलींस बहुधा परदेशाच्या वाटेवरच प्रथम भेटते. एनक्लेक्स तर मुंबईसच देतां येते, आणि अर्ज कोणत्या राज्याकडे करावा याची निवड त्या मुलीची असते. ही निवड करतांना पगाराबरोबर फेरपरीक्षेचा नियमहि वाचणाऱ्या मुली किती, हा निराळा प्रश्न.

अलीकडे या वाटेस एक नवीन फांटा फुटला आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यांत परिचारिका आहेत. जर्मनींत २०२० पासून अमलांत असलेल्या कायद्यानें परदेशी परिचारिकेस दोन मार्ग ठेवले आहेत. आपलें शिक्षण तेथील शिक्षणाच्या बरोबरीचें आहे हें तिनें ज्ञानपरीक्षा देऊन दाखवावें, किंवा रुग्णालयांत राहून पूरक अभ्यासक्रम पुरा करावा आणि शेवटीं तोंडी चर्चेस सामोरें जावें. ज्ञानपरीक्षा हुकली तर ती एकदांच पुन्हां देतां येते. तीन नव्हे, एकदांच. जपानच्या मर्यादेपेक्षां ही कडक आहे. तरीहि तिच्या शेजारीं दुसरें दार उघडें असल्यामुळें मी तिला अन्यायी म्हणणार नाहीं. मात्र तें दुसरें दार उमेदवारास खरोखर निवडतां येतें, कीं जिच्या खर्चानें ती गेली ती संस्था आपल्या सोयीनें निवडते, हें करारपत्र वाचल्यावांचून कळणार नाहीं.

जर्मन भाषेची जी पायरी परवान्यासाठीं बहुधा लागते, तिची परीक्षा पुण्या-मुंबईंत हवी तितक्या वेळां देतां येते. दर खेपेस शुल्क पडतें, दोन-चार महिने जातात, पण मुलगी घरीं असते, वर्गांत असते, आणि हुकलेल्या भागाचा अभ्यास शिक्षकापुढें बसून करूं शकते. ज्ञानपरीक्षेची एकुलती एक फेरी मात्र तेथें गेल्यावर, कामाच्या पाळ्या सांभाळून द्यावयाची असते. निघण्याची तारीख ठरवितांना या दोन परीक्षांपैकीं कोणती कोठें द्यावयाची आहे, आणि पहिल्या परीक्षेस घरींच आणखी सहा महिने दिले तर करारांतील कोणतें कलम आड येतें, हें मुलीच्या वडिलांनीं दलालास तोंडीं न विचारतां लेखी विचारावें. उत्तर आलें नाहीं तर तेंहि उत्तरच समजावें.